पानात टाकत नाहीत

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खालच्या जबड्यात कवळी धरून ठेवणाऱ्या दोन खुंट्या मिळायला हव्या होत्या. मिळाल्या नाहीत. आबा खोटं बोलले म्हणून नव्हे. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी खरं उत्तर दिलं, आणि त्या खऱ्या उत्तरांची बेरीज खोटी आली.

मी शिरूरला राहतो. जवळच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजमाप हाच माझा धंदा. आबा आणि आई गावी, राहूला असतात. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, आबांनी विहीर पाडून ऊस आणि कांदा धरला. दात त्यांचे साठीच्या आसपास एकेक करून गेले. शेवटचा गेला तेव्हा म्हणाले, "सुटलो बाबा." मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले आणि त्याविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुण्याच्या एका डेंटल कॉलेजनं दौंडला भाड्याच्या जागेत केंद्र काढलं होतं. तोंडात एकही दात नाही अशा माणसांवर अभ्यास चालला होता. निम्म्यांना साधी कवळी. निम्म्यांना खालच्या हाडात धातूच्या दोन खुंट्या आणि त्यांच्यावर खटक्यानं बसणारी कवळी. कुणाला काय, ते बंद पाकिटातून निघणार. आबांच्या पाकिटात साधी कवळी निघाली. मी फार वाईट वाटून घेतलं नाही, कारण संमतीपत्र मी नीट वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की साध्या कवळीवाल्यांपैकी ज्यांचा त्रास वर्षभरानंतरही ठरावीक मर्यादेच्या वर असेल, त्यांना खुंट्या फुकट बसवून मिळतील. त्रास किती, हे बारा प्रश्नांच्या गुणांवरून ठरणार होतं. 'कधीच नाही'ला शून्य, 'नेहमी'ला चार.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला धरायला काही नसतं. हिरडी झिजून सपाट झालेली, त्यात जीभ सारखी हलती. घास घेतला की ती उचलायची, बाजरीचा कण खाली जाऊन रुतायचा. आबांनी थोडे दिवस प्रयत्न केला. मग जेवायला बसताना खालची काढून वाटीत ठेवायला लागले. वाटी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असायची. आई म्हणायची, "दात देवाला वाहायचे आन् घास नुसता गिळायचा. देव तरी काय चावतोय तिथं?"

तपासणीला आम्ही केडगावहून डेमू गाडीनं दौंडला जायचो. तिथं रेल्वेतून निवृत्त झालेले एक मामा भेटायचे. त्यांना खुंट्यांचं पाकीट निघालं होतं. बाकावर बसून ते मुद्दाम फुटाणे खायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असे. आबांची खालची कवळी बऱ्याचदा खिशात रुमालात असायची हे त्यांनी हेरलं होतं. एकदा म्हणाले, "काय आबा, वरचे दात तोंडात आन् खालचे खिशात? तिकीट दोघांचंबी काढलंय ना?" आबा तोंडावर हात धरून हसले. मलाही हसू आलं, आणि पाठोपाठ संताप.

कवळी बनवली होती एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं. तिचा प्रबंध याच अभ्यासावर होता. तिनं स्वतः माप घेतलं, टोचतं म्हटलं की घासून द्यायची, आबांना आजोबा म्हणायची. आबा तिच्यासाठी कधी कांदे, कधी पेरू घेऊन जायचे.

वर्ष भरलं. तिनं प्रश्न वाचायला घेतले. मी शेजारी बसलो होतो.

"आजोबा, दातांमुळे जेवण अर्धवट सोडावं लागतं का?"

"न्हाई वो. अन्न हाय ते. आमच्यात पानात टाकत न्हाईत."

तिनं 'कधीच नाही'वर खूण केली. शून्य. आमच्या घरात बाकीच्यांची ताटं घासून पालथी पडली तरी आबा जेवत असतात, हे त्या प्रश्नात कुठं बसत नव्हतं.

"काही पदार्थ टाळावे लागतात का?"

"मला समदं चालतं."

पाहुण्यानं यजमानाला द्यावं तसं उत्तर. पुन्हा शून्य.

"चारचौघांत जेवताना लाज वाटते?"

"लाज कशाची? चोरी केलीया व्हय?"

ती हसली. हेही खरंच होतं. वर्षभरात आबा चारचौघांत जेवायला बसलेच नव्हते. जत्रेत पंगती उठेपर्यंत देवळामागं बसून राहिले आणि घरी येऊन रश्श्यात भाकरी कालवून खाल्ली. चारचौघांत जेवतच नाही त्याला लाज कुठून वाटणार?

"कवळी रोज वापरता ना?"

"व्हय, रोज."

वापरायचे. चावडीवर जाताना, बाजारात जाताना. मला राहवलं नाही. "आबा, जेवताना काढून ठेवता ते सांगा की," मी म्हणालो.

ती मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, प्लीज. उत्तर त्यांचंच हवं. नातेवाईक बोलले की आकडा बिघडतो."

बरोबर होतं तिचं. कारखान्यात मीही ऑपरेटरला रीडिंगच्या वेळी मध्ये बोलू देत नाही. पण नंतर बाहेर गाठून तिला विचारलं की 'जेवताना कवळी तोंडात असते का' एवढा एकच प्रश्न घालता येणार नाही का. ती जरा घुटमळली. मग म्हणाली की प्रश्नावली ठरलेली आहे, सगळ्यांना त्याच शब्दांत विचारावी लागते, मधेच बदलली तर अभ्यासच बाद. शेरा लिहीन म्हणाली. लिहिलाही असेल. शेऱ्याला गुण नसतात.

नियमात कुठं खोट सापडेना, मुलीतही सापडेना. त्यामुळे राग कुणावर काढावा ते कळेना आणि तो डेमूत आबांवरच निघाला. एवढं स्पष्ट विचारत होती, तुम्हाला खरं सांगायला काय झालं होतं, असं मी म्हणालो.

आबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "एवढ्याश्या पोरीनं माझ्या तोंडात हात घातला. टोचतंय म्हनलं की घासून दिली, कवा कंटाळली न्हाई. आन् मी तिच्या तोंडावर म्हनू, तुझं काम वाईट हाय?"

"काम वाईट नाही म्हणायचं. तुम्हाला खाता येत नाही, एवढंच सांगायचं होतं."

"तेच की रं ते."

केडगाव येईपर्यंत मी मनाशी बारा प्रश्न पुन्हा विचारले आणि आबांना गावी गेल्यावर जसं जेवताना बघतो तशी उत्तरं भरली. बेरीज मर्यादेच्या कितीतरी वर गेली. ती बेरीज कुणाला हवी होती?

पुढं एका रविवारी मी राहूला असताना त्या मुलीचा फोन आला. स्पीकर लावला. आजोबांचा त्रास मर्यादेच्या बराच खाली आहे, त्यामुळे खुंट्यांची गरज नाही, असं ती म्हणाली. आनंदानं सांगत होती. "साध्या कवळीच्या गटात सगळ्यात समाधानी पेशंट आपले आजोबाच निघाले."

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बेस झालं, लेकी," ते म्हणाले. "तुझं काम झालं ना? ये एकदा जेवायला."

"नक्की येते आजोबा. बाजरीची भाकरी खायला."

आईनं ताट वाढलंच होतं. आबांनी खालची कवळी काढून वाटीत ठेवली, वाटी फळीवर सरकवली आणि भाकरी कुस्करायला घेतली. आमची जेवणं आटोपून ताटं घासून झाली तरी ते बसून होते. उठले तेव्हा पानात एक कण नव्हता.