जवळ कोणी नको

मला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मध्येच हळहळायला थांबावं लागणार नाही. राजूरला एका खाणीच्या ऑफिसात मी बावीस वर्षं टेलिफोनचा बोर्ड सांभाळते आहे. कुणाचा फोन कुणाला जोडायचा, साहेब जागेवर नसतील तर समोरच्याला कोणती थाप मारायची, हे सगळं माझ्याकडे. दोनेकशे नंबर तोंडपाठ आहेत. माणसं मी आवाजावरून ओळखते आणि सहसा चुकत नाही.

पण बँकेत मला दादाशिवाय कुणी उभं करत नसे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पगार झाला की तो शेतातली कामं टाकून मला मोटरसायकलवर वणीच्या बँकेत न्यायचा. काउंटरवरचे साहेब माझ्या डोक्यावरून त्याला विचारायचे, "बाईंना किती काढायचेत?" बाई समोर उभ्या, कान शाबूत, जीभ तर जरा जास्तच शाबूत. एकदा दादा तापाने पडला होता म्हणून मी एकटीच ऑटोने गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, सोबत कोणीतरी घेऊन या. नियम आहे." तो नियम वाचून दाखवा म्हटलं, तर त्यांनी शेजारच्या साहेबांना बोलावलं. दोघांनी मिळून मला पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

दादा देवमाणूस आहे. माझा एक पैसा त्याने इकडचा तिकडे केला नाही. पण एटीएमचा आकडा त्याला ठाऊक, शिल्लक त्याला ठाऊक. मला साडी घ्यावीशी वाटली, तरी ती दुकानाआधी त्याला कळायची. तो नाही कधीच म्हणाला नाही. फक्त कळायचं. पन्नाशी जवळ आली, तरी ज्यात दुसऱ्या कुणाचं बोट नाही असं माझ्याकडे काहीच नव्हतं. तेवढंच मला हवं होतं.

गेल्या वर्षी ऑफिसातली एक क्लार्कबाई म्हणाली, "आता फोनवरच खातं उघडते अशी बँक निघाली. शाखा नाही, काउंटर नाही, काही नाही." माझा फोन बोलतो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे लिहिलेलं असेल ते तो वाचतो. मी ते ॲप उतरवून घेतलं आणि एका सुट्टीच्या सकाळी खाटेवर बसून फॉर्म भरायला लागले. नाव, वडिलांचं नाव, गाव. व्यवसाय कोणता, असं फोनने विचारलं आणि मी सांगितलं ते मुकाट्याने मानलं. शेजारी कुणाकडे बघून खात्री करून घेतली नाही. मी मध्येच थांबून पाणी प्यायले, इतकं मला ते नवल वाटलं.

शेवटची पायरी व्हिडिओ कॉलची होती. बँकेचं माणूस पलीकडून तुम्हाला बघणार, कार्ड तपासणार, मग खातं चालू. त्याच्या सूचना फोनने वाचल्या. शांत जागी बसा. मूळ पॅन कार्ड हाताशी ठेवा. कॉलच्या वेळी तुमच्याजवळ दुसरं कोणीही नसावं.

मी त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग आणखी एकदा. शाळेपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलं होतं, सोबत कोणी आहे का? कोणी नसण्याची अट मला आयुष्यात पहिल्यांदा घातली जात होती. आंधळा मागतो एक डोळा, ही म्हण लोक माझ्यासमोर अर्ध्यावर गिळतात. मला ती पूर्ण येते, आणि त्या दिवशी मी ती मोठ्याने म्हटली.

पण देव दोन डोळे द्यायला इतका सहज तयार नव्हता. पहिल्या कॉलला एक तरुण साहेब होते. त्यांनी पडद्यावर आलेला आकडा वाचायला सांगितला. फोनने तो मला वाचून दाखवला आणि मी तो म्हटला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोणीतरी बाजूने सांगतंय." मी म्हटलं, फोन सांगतोय. "फोन कसा सांगेल?" म्हणाले, आणि कॉल बंद.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा करून कानात इयरफोन घातला. "कानात काय आहे? काढा ते," या वेळचे साहेब म्हणाले. काढलं. तेवढ्यात खाणीतलं दुपारचं ब्लास्टिंग झालं आणि मांडणीवरची भांडी खणखणली. स्वयंपाकघरात माणसं आहेत असं त्यांना वाटलं असावं. पुन्हा बंद.

दादा बाहेरच्या ओट्यावर बसून हे ऐकत होता. म्हणाला, "कायले जिवाले तरास करून घेतं, बाई? आपली बँक हाये ना. मी हावो ना."

"तू हायेस, हेच तं त्याइले नाई पायजे," मी म्हणाले.

रागात तोंडून निघून गेलं. तो उठून गोठ्याकडे गेला. माझी मलाच लाज वाटली, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही, हेही खरं. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी आपणच आला आणि म्हणाला, "सांग, मी कुठी जाऊन बसू?"

त्या सकाळी त्याने घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं, कोंबड्यांनासुद्धा. दार ओढून घेतलं आणि स्वतः पार फाटकापाशी जाऊन बसला. मी कॉल लावला.

या वेळी एक मुलगी होती. नाक चोंदलेलं, आवाज थकलेला, पण ऐकून घेणारा. बावीस वर्षांत मला एवढं तरी कळतं. मी तिला आधीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे फोन तुम्हाला वाचून दाखवतो? मला ऐकवा ना." मी बोट फिरवलं. फोन बोलला. पलीकडे ती नुसतीच "अरे वा" म्हणाली, मग म्हणाली, "थांबा हं, मी वरच्यांना विचारते." संगीत सुरू झालं. आयुष्यभर लोकांना ताटकळत ठेवणारी मी, त्या दिवशी ताटकळले.

ती परत आली. "चालेल म्हणाले. पण खोलीत कोणी नाही हे मला स्वतः बघावं लागेल. फोन हातात धरून एक गोल फिरता का?"

मी उभी राहिले आणि फोन पुढे धरून फिरले. "थोडं हळू," ती म्हणत होती. "हं, खिडकी. कपाट. दार बंद आहे. कोपरा दाखवा. हं." ज्या खोलीचा कानाकोपरा मी हातांनी जाणते, ती खोली कुठल्या कोण शहरातली एक मुलगी डोळ्यांनी तपासत होती.

"ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही एकट्याच आहात."

तिच्यासाठी ती रोजची नोंद असेल. मी मात्र ते वाक्य अजून मनात म्हणते. कार्ड मी उलटं धरलं, ते तिने सुलटं करून घेतलं. डोळे मिचकावायला सांगितले, ते मला येतात. आकडा फोनने वाचला, मी म्हटला, तिने मानला. खातं उघडलं.

मग चार आकड्यांचा गुप्त पिन ठेवायचा होता. मी एकेक आकडा दाबला आणि दर वेळी फोन फक्त "टिंब" म्हणाला. मला जगातलं सगळं वाचून दाखवणारा तो फोन त्या चार आकड्यांपाशी अदबीने गप्प झाला. मी हात जोडले. कुणाला, ते माहीत नाही.

मी दार उघडून हाक मारली. दादा आला, खाटेच्या कडेला बसला.

"झालं?"

"झालं."

"आकडा कोणता ठेवला? इसरशील तं..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "नोको. नोको सांगू. मले एकदा समजला तं मी काई इसरणार नाई."

मी सांगितला नाही. तोंडाशी आलेला आकडा मी गिळला, आणि मला रडू फुटलं. दादाही रडत होता, श्वास दाबून, आवाज न करता. त्याला वाटत होतं, मला कळत नाही.