ब्रेकवर मावशीचा पाय

मला परमुलखात सांभाळलं ते मावशीनं. रक्ताची नव्हे. राहुरीजवळ ज्या डॉक्टरसाहेबांकडं मी ड्रायव्हर होतो, त्यांच्या घरी ती स्वयंपाक करायची. तिचं आधी सांगतो, कारण गाडीचं सांगायला लागलो की मी गाडीतच गुंततो आणि ती राहून जाते.

गाडी जुनी, परदेशी. मिशनच्या दवाखान्यातले गोरे डॉक्टर मायदेशी जाताना साहेबांच्या वडिलांना देऊन गेलेले. क्लच नाही, गिअर आपोआप पडायचे. मी चंद्रपूरच्या पलीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि ट्रॅक्टरवर बसलो. असली गाडी इथंच पहिल्यांदा पाहिली. काम एवढंच, की साहेबांना रविवारी चर्चला न्यायचं आणि एरवी गाडी पुसायची. शेडमागची खोली त्या कामाबरोबरच मिळालेली. म्हणजे गाडी आहे तोवर खोली.

एका रविवारी चर्चच्या चढावर गाडीनं दगा दिला. पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. प्रार्थनेला निघालेल्या लोकांनी ढकलत वर नेली. साहेब मागंच बसून होते. मला खोलीची धास्ती बसली. संध्याकाळी पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. घोडेगावच्या बाजाराला येणारा एक भंगारवाला गाडी बघून जाईल, असं ठरलं.

त्याआधी मी ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं इंजिन बंद ठेवून गिअरच्या तेलाची पट्टी काढली. ट्रॅक्टरचं तेल इथं सगळे असंच बघतात, तेल खाली बसू देऊन. पट्टी वरपर्यंत ओली.

"तेल फुल्ल हाय. चाकाला जोर देनाऱ्या आतल्या प्लेटा गेल्या. ह्याचे पार्ट आता म्युझियममधी बी न्हाई मिळायचे," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

मग मोबाईलवर एका हिंदी मिस्त्रीचा व्हिडिओ सापडला. असल्या गिअरबॉक्सचं तेल गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून मोजायचं; बंद गाडीत तेल वरून खाली उतरतं आणि पट्टी खोटं बोलते. मोजण्याआधी ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून फिरवायचा. आमचा हँडब्रेक कामातून गेलेला आणि शेड उतारावर. ब्रेकवर कुणीतरी बसायला हवं होतं. साहेबांचे गुडघे धरलेले. राहिली मावशी.

"मी? आन् पळाली म्हंजी?"

"पाय काढला नाही तर नाही पळणार."

"आन् शिंक आली तर?"

"मावशी, नुसतं दाबून बसा."

चपला बाहेर काढून, हाताचं पीठ पदराला पुसून ती बसली. "जल्मात पैल्यांदा मोटारीत बसले, ते बी ड्रायवरच्या जागी. आता हाल म्हनू नको मला."

मी इंजिन चालू केलं, खिडकीतून हात घालून दांडा फिरवला, बॉनेटकडं धावलो. पट्टीचं फक्त टोक ओलं. तेल नव्हतंच! शेडच्या फरशीवरचा जुना डाग मी रोज पुसायचो, तो कशाचा ते आता कळलं. नगरहून गिअरचं लाल तेल आणून भरलं. मुळा धरणाकडच्या रस्त्याचा चढ गाडी गुमान चढली. मी एकटाच आत बसून मोठ्यानं हसलो.

परत येऊन मावशीला पुन्हा ब्रेकवर बसवलं, मोजलं, इंजिन बंद केलं. तिनं उतरून पट्टी माझ्या हातातून घेतली, नाकाजवळ नेली.

"हे करपलंय रे लेकरा."

"जुन्या तेलाला वास येतोच."

"उभा जल्म चुलीपुढं गेला माझा. करपल्या वरनात पानी ओतलं की वास जातो व्हय?"

फडक्यावर तेल पसरलं. लालात काळे कण. तेल कमी असताना गाडी पळत राहिली आणि प्लेटा घासून जळाल्या, त्यांचीच ती भुकटी. मिस्त्रीनं मोजलं चुकीचं, पण बोलला ते खरं निघालं.

गप्प बसलो असतो तर नाताळापर्यंत गाडी चालली असती, आणि खोलीही टिकली असती. मावशी एवढंच म्हणाली, "चढावर म्हातारं मानूस मागं बसलेलं असतंय." मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाले.

भंगारवाल्यानं गाडी दोरानं ओढून टेम्पोवर चढवली. शेड मोकळी झाली, तरी मी सवयीनं फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी मावशी मला त्याच मिस्त्रीच्या गॅरेजवर घेऊन गेली.

"पोरगं कुनाचं?" मला आधी पाहिलेलं असूनही त्यानं विचारलं. इथं काम देण्याआधी हेच विचारतात, आणि या मुलखात माझं कुणी नव्हतं.

"माझं," मावशी म्हणाली.

"तुमचं? बोली तर विदर्भाकडची हाय."

"माझं म्हनलं ना."

आता मी त्या गॅरेजात असतो, झोपायलाही तिथंच. काम कधी सुटेल याची भीती सकाळी उठल्याबरोबर येते, गेलेली नाही. साहेबांना मुलगा पुण्याला घेऊन गेला, घराला कुलूप आहे. मावशी दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या करते. शेवगावला बहिणीकडं जायचं म्हणते, पण एसटीत उभं राहणं आता तिला झेपत नाही.

कधीतरी मी गाडी घेईन, कसली का असेना. मावशीला पुढं बसवीन, माझ्या शेजारी, आणि शेवगावला बहिणीच्या दारात नेऊन उतरवीन. तिला कशावर पाय दाबून बसावं लागणार नाही.