गाडी हलेपर्यंत

घंटा वाजलीच नाही. उबवणीच्या मशीनचं दार मी सहज म्हणून उघडलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली. पंखा बंद. आदल्या दिवशी अंड्यातून निघालेली पिल्लं चोची वासून आडवी पडलेली. मी दार सताड उघडं टाकलं, ट्रे ओढून सावलीत आणले, जमिनीवर ओली पोती अंथरली. निम्मी गेली.

शिवऱ्याच्या त्या हॅचरीत मी ट्रे धुवायचे. मशीन तापलं की घंटा वाजवणारा प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवला होता भोरच्या एका पोरीनं. तिचे वडील भोरात स्टोव्ह दुरुस्त करायचे. काम संपलं की ती स्क्रीन बंद करायची, हात मागे बांधून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मावशी, आता मी नाही असं समजा."

त्या दिवशीही घंटेचं काम संपवून, तसंच म्हणून अडीचला निघाली होती. चारची एसटी होती, म्हणून फाट्यावर रसवंतीत बसली होती. मी रखवालदाराला पिटाळलं. ती धावत आली, एक चप्पल पायात, एक हातात. मेलेली पिल्लं बघून मटकन खाली बसली.

"रडायचं मागनं बघू. घंटा का मुकी झाली, त्ये सांग."

तिनं कॉम्प्युटर बघितला. "माझंच चुकलं. मी ज्या लॉगिनमधनं प्रोग्राम सुरू केला, त्यालाच तो बांधलेला राहिला. मी स्क्रीन बंद करून त्यातनं बाहेर पडले, तसा तोही बंद झाला."

"म्हंजे तुझ्या पदराला धरून चालत व्हता."

"व्हय."

स्वतःची चूक विचारायच्या आत सांगणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मी फार पाहिली नाहीत.

मालक म्हणाले, "परत घंटा चुकली तर दोघींनी यायचं न्हाई." माझा काय संबंध, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग तीन दिवस ती खुर्चीवरून उठली नाही. मी चहा नेला की मला समजावून सांगायची. मी चौथी शिकलेली. पण तिला बोलायला समोर कुणी तरी लागायचं. ती म्हणे, एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो आणि स्वतः निघून जातो. मागं राहिलेल्यानं स्क्रीनचा, कीबोर्डचा नाद सोडायचा. काही सांगायचं असेल ते फाइलीत लिहायचं. आपला नंबर मात्र ठेवून द्यायचा, म्हणजे थांबवायची वेळ आली तर सापडतो.

"लेक नांदायला धाडल्यासारखं की गं."

"अब्बांसमोर असलं बोलू नका मावशी, उद्याच स्थळ आणतील."

चौथ्या दिवशी स्क्रीनवर 'सुरू झालं' असं आलं. तिनं स्क्रीन बंद केली, हात मागे बांधले. "आता मी नाही असं समजा."

मी काही तसं समजले नाही. मशीनमधली तपमानाची कांडी काढली आणि गरम पाण्याच्या पेल्यात बुडवली. दोघी उभ्या राहिलो. पाच मिनिटं गेली. घंटा गप्प.

तिचा चेहरा उतरला. शोधल्यावर कळलं, कांडीची तार कॉम्प्युटरच्या मागं ढिली होती. नवा प्रोग्राम तार मिळेना म्हणून लगेच बंद पडला होता. पहिला मात्र 'सुरू झालं' सांगून कधीच निघून गेला होता.

"कुणाला इचारून सांगितलं त्यानं?"

"त्याचं काम फक्त सुरू करून द्यायचं, मावशी."

"मी माझ्या लेकीला एसटीत बसवते, तवा गाडी हलेपर्यंत फाट्यावरनं हलत न्हाई. ह्यो तर पिशवी चढवली की घरला."

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "मावशी, तुमी चौथीतच का थांबलात?"

"घरात म्हशी व्हत्या."

मग तिनं ते बदललं. आता पहिला थांबायचा. दुसरा तार धरणार, एकदा तपमान वाचणार, 'तयार' असं पहिल्याला कळवणार. मगच पहिला 'सुरू झालं' म्हणणार आणि जाणार. तिनं मुद्दाम तार उपसून पाहिलं. स्क्रीनवर चक्क आलं, 'तार मिळाली नाही'. तार घट्ट केली, 'सुरू झालं' आलं, स्क्रीन बंद केली, पेला आणला. घंटा अशी कडाडली की रखवालदाराच्या तोंडातली विडी पडली.

पुढं तिला पुण्यात नोकरी लागली. मी फाट्यावर गेले. एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली, "मावशी, आता मी नाही असं समजा."

"न्हाईस त्ये दिसतंयच. तिकीट काढ."

गाडी हलली, मग मी फिरले.

दोन महिन्यांनी मशीनचा पंखा परत बंद पडला. भर दुपार, मी विहिरीवर ट्रे धूत होते. घंटा तिथवर ऐकू आली. ती काही परत आली नाही, यायची गरजही पडली नाही. त्या खेपेची सगळी पिल्लं जगली. एक लंगडं निघालं, पण ते अंड्यातूनच तसं आलं होतं. तेही जगलं.