मार्थामावशींचा प्रश्न

प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट मी मार्थामावशींसमोर थांबू दिलं नाही, सरळ पुढच्या माणसाकडे नेलं. सांगितलं होतं पाळकसाहेबांनी, पण हात माझे होते. मध्य प्रदेशातल्या धार शहरातल्या आमच्या लहानशा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी 'वडील' म्हणजे पाळकांना मदत करणारा पदाधिकारी म्हणून सेवा करतो, आणि त्या दिवशी मला माझ्या आज्ञाधारकपणाचा अभिमानच वाटला.

माझ्या पत्नीला फिट येतात. पाळकसाहेबांनी तिला गोळ्या सोडून फक्त प्रार्थनेवर राहायला सांगितलं, तेव्हा आमच्या मंडळीतल्या या मावशी भर उपासनेत उभ्या राहिल्या. "गोळी घेतली तर विश्वास कमी होतो, हे शास्त्रात कुठं आहे? दाखवा, मी वाचते." मी त्यांना खाली बसायला सांगितलं, देवाच्या सेवकाला असं विचारत नाहीत, म्हणालो. "मग कोणाला विचारू, तुला?" लोक हसले. ते हसणं मला फार लागलं. पाळकसाहेबांनी त्यांना प्रभुभोजन द्यायचं नाही असं ठरवलं, पुढच्याच प्रभुभोजनाला मी ताट पुढं नेलं, आणि पत्नीच्या गोळ्याही मीच बंद करवल्या.

काही आठवड्यांनी जवळच्या बदनावर गावच्या बसस्टँडवर ती फिट येऊन कोसळली. कुणी बूट हुंगवा म्हणत होतं, मला काही सुचत नव्हतं. मंडीतून परतणारा एक अनोळखी माणूस पुढं आला. त्यानं तिला कुशीवर वळवलं, आपला गमछा तिच्या डोक्याखाली ठेवला आणि झटके थांबेपर्यंत तिथंच बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "भिया, भाभी की गोळी बंद तो नी करी थी?" त्याच्या बहिणीला हाच आजार होता. आम्हाला दवाखान्यात पोचवून तो निघून गेला. नाव विचारायचं राहून गेलं. त्याला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मावशींचाच प्रश्न माझ्यापुढे पुन्हा आला होता, आणि या वेळी मला कुणालाही गप्प बसवता आलं नाही.

गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. मग पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितलं की मावशींना प्रभुभोजनाच्या मेजावर परत बोलवा, नाहीतर मी ही सेवा करणार नाही. देवानं नेमलेल्या अभिषिक्ताविरुद्ध उठतोस, असं ते म्हणाले. मला भीती वाटली. पण शरण प्रभूला जायचं असतं. मी तर इतकी वर्षं पाळकांच्या आड लपून विचार करायचंच टाळलं होतं. म्हणून मागे हटलो नाही.

रविवारी आशीर्वचनाआधी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो, कारण मावशींचा अपमानही सगळ्यांसमोरच केला होता.

"मावशी, तुम्ही माझ्या बायकोसाठी बोललात आणि मी तुम्हाला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवलं. सांगणारे कोणीही असोत, केलं मी. मला क्षमा करा."