पाच फेऱ्यांची ड्यूटी

"अवो सिंधू, ब्रेक मारला त मीच मांगं जाऊन राह्यलो!"

शेजारून देवानंदची ही आरोळी आली, तेव्हा मी नुकताच पेपर उघडला होता. त्याच्या शेजारी राहून शांतपणे पेपर वाचायची आशा मी कधीच सोडली आहे. पेपर मिटला आणि गेलो.

देवानंद एसटीचा ड्रायव्हर. तेहतीस वर्षं गाडी चालवली, कधी ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी रोहिणखेडची फेरी घेऊन निघाला आणि मोताळ्याजवळ डाव्या डोळ्यापुढे अंधारी आली. त्याने गाडी सावकाश बाजूला घेतली आणि कंडक्टरला म्हणाला, दुसरा ड्रायव्हर बोलव. प्रवासी गाडीत बसून होते आणि हा खाली उतरला. तेव्हापासून तो डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसतो. डोळ्याचं दुःख त्याने पचवलं. "अर्ध्या रस्त्यात गाडी सोडली, सर," हे मात्र आठवड्यातून एकदा तरी मला ऐकवतो. मी जुना मास्तर, धीर देण्याच्या बाबतीत ढ. मी आपला "चालायचंच" म्हणतो आणि घरी येऊन स्वतःवरच चिडतो.

त्याची मुलगी अपेक्षा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सुट्टीला येताना तिने गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं स्टेअरिंग, गिअर आणि पेडल आणलं होतं. टीव्हीला जोडायचं आणि खेळायचं. तिच्या ऑफिसातल्या दहा जणांची शर्यत रविवारी अकराला होती, ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायची. एक जण गळाला, त्याच्या जागी तिने बापाचं नाव घातलं.

"पाच फेऱ्या हायेत, बाबा."

"एकाच ड्यूटीत पाच फेऱ्या?" देवानंद म्हणाला. "मंग जेवाची सुट्टी कवा?"

इथे फेरी म्हणजे रस्त्याचा एक वळसा, हे त्याला पटवण्यात पोरीचा चहा गार झाला. पटल्यावर मात्र त्याने स्टेअरिंग मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे शेवटपर्यंत नेता येईन गाडी. मंधात सोडा लागणार नाही."

अडचण एवढीच की ते स्टेअरिंग कशाला तरी घट्ट आवळावं लागतं. पुण्यात म्हणे त्यासाठी खुर्चीसकट लोखंडी सांगाडा मिळतो. इथे होता टिपॉय. पहिल्याच वळणाला गाडी वळायच्या आधी टिपॉय वळला. वर बसायला अपेक्षाची कॉम्प्युटरपुढची चाकांची खुर्ची. ब्रेक दाबला की पडद्यावरची गाडी थांबायची आणि देवानंद स्वयंपाकघरात जायचा. आरोळी तिथूनच आली होती.

मग त्याची नजर बायकोच्या, सिंधूताईंच्या, शिलाई मशीनवर गेली. लोखंडी स्टँड, जाड फळी, जागचं हलेल तर शपथ. सिंधूताई लग्नसराईचे ब्लाउज शिवतात. त्या साफ नाही म्हणाल्या आणि बाजारात गेल्या. त्या कोपऱ्यावर वळल्या न वळल्या तोच या माणसाने फळीला स्टेअरिंग आवळलं. खाली मशीनची पायाने हलवायची पट्टी आयतीच होती, तिच्यावर पेडल ठेवलं. मी शिकलासवरलेला माणूस समोर उभा होतो, आणि मलाही त्यात काही चूक दिसली नाही. त्याने ॲक्सिलेटर दाबला. पट्टी खाली गेली, वर आली, मशीन खडखडत सुरू झालं आणि सुईखालच्या ब्लाउजची बाही गळ्याला शिवली गेली.

सिंधूताई परत आल्या. त्यांनी आधी ब्लाउज पाहिला, मग आम्हाला.

"हे कोणाच्या मापाचं हाय?"

देवानंद स्टेअरिंगचे स्क्रू सोडवायला लागला.

त्या दिवशी त्या घरात चहा झाला नाही. शनिवारी मी भीतभीतच डोकावलो, तर सिंधूताई स्वतः मशीनचा पट्टा काढत होत्या. "दोन साल झाले, माणूस हासला नाही," त्या मला हळूच म्हणाल्या. "ब्लाउज काय, उसवता येते." मला एकदम भरून आलं. मी फळीवरचं मशीन उचलायला हात लावला.

मोकळ्या फळीला स्टेअरिंग आवळलं, पट्टी दोरीने स्टँडला करकचून बांधली. फरशीवर ओलं पोतं टाकून त्यावर पेडल ठेवलं. तरी ते सरकतच होतं. तेव्हा देवानंद अंगणातून दगड घेऊन आला आणि चढावर टायरमागे लावतात तसा पेडल आणि भिंत यांच्या मधे ठोकून बसवला. चाकांची खुर्ची गेली, माझ्या घरची लाकडी आली. अपेक्षाने फोटो पुण्याला पाठवला. तिकडून कोणीतरी विचारलं म्हणे, हा सांगाडा कुठल्या कंपनीचा.

रविवारी अकराला देवानंद खाकी शर्ट घालून बसला. हिरवा दिवा लागला, नऊ गाड्या सुसाट गेल्या. हा क्लचवर पाय, गिअरवर हात ठेवून जागच्या जागी.

"बाबा, निघा ना! काऊन थांबले?"

"डबल बेल कुठी वाजली अजून?"

कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय एसटी हलत नाही. अपेक्षाने कपाळावर हात मारला. सिंधूताईंनी मात्र झारा उचलला आणि ताटावर दोनदा हाणला. गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर तीन गाड्या एकमेकींवर आदळून पडल्या होत्या. देवानंदने आपली बाजूला घेऊन थांबवली.

"कोणाले लागलं का बापा?" त्याने माईकमधून विचारलं.

पुण्याहून हसण्याचा कल्लोळ आला. "नाही काका, तुम्ही व्हा पुढे!" बटण दाबताच त्या गाड्या धडधाकट होऊन पुन्हा पळाल्या, हा त्यांच्या मागून.

देवानंद पाचव्या फेरीला लागतोय, तोच पहिला गडी शर्यत संपवून मोकळा झाला आणि पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले. नव्वद, एकोणनव्वद.

"आकडे सरले की खेळ बंद होते, बाबा. राह्यला तो राह्यला."

देवानंदचा चेहरा उतरला. त्यात स्टेअरिंगच्या हादऱ्यांनी पकड ढिली झाली आणि ते फळीवरून निसटू लागलं. एका बाजूने सिंधूताईंनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. मी जन्मात गाडी चालवलेली नाही. पण त्या फळीला लोंबकळून मी मोठ्याने ओरडत होतो, "सोडू नको देवानंद, सोडू नको!" दहा झाले, नऊ झाले. सहावर त्याने रेघ ओलांडली.

त्याने गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, पण हात स्टेअरिंगवरून निघेनात. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, खोटं कशाला सांगू.

पुण्याहून एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही तर अगदी शेवटी आलात!"

देवानंदने खाकी बाहीने डोळे पुसले.

"मंग? सगळे उतरल्यावरच ड्रायव्हर उतरत असते, पोरी."