टीव्ही एकलाच बोलतोय

“चला, टीव्ही एकलाच बोलतोय घरी,” असं म्हणत आप्पा दोन्ही तळवे गुडघ्यांवर आपटायचे आणि उठायचे. चहा अर्धा असो, कुणाचं वाक्य अर्धं असो, एकदा हे शब्द तोंडातून निघाले की त्यांना थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

माझं दुकान शिरूर तालुक्यात, आमच्या गावच्या फाट्यावर आहे. मोटारी, पंखे, मिक्सर, टीव्ही, जे बंद पडेल ते माझ्याकडं येतं. तरुणपणी पाबळला जाऊन हे काम शिकलो, तेव्हापासून गावात मला नाव उरलं नाही, सगळे मिस्त्रीच म्हणतात. दुकानापुढं एक बाक आहे. सकाळी नऊच्या सुमाराला त्यावर तिघं येऊन बसायचे. दत्तूमामा, एसटीतले रिटायर कंडक्टर. बबन, डेअरीला दूध घालून मोकळ्या किटल्या घेऊन परतणारा. आणि आप्पा. असा बाक तुमच्याही गावात असेल, आणि ज्याच्यावाचून गप्पांना चव येत नाही असा एक म्हाताराही त्यावर असेल.

आप्पांची सगळी नोकरी कुरकुंभच्या एका कंपनीत, कंप्रेसरच्या खोलीत गेली. दौंडला खोली घेऊन राहायचे आणि शिफ्टला जायचे. रिटायर होऊन त्यांनी गावाकडं रानात दोन खोल्या बांधल्या, तोवर समोरच्याचं बोलणं त्यांना निम्मं कानानं आणि निम्मं अंदाजानं कळायला लागलं होतं. मागोमाग बायको गेली. एकुलती लेक भांडगावात दिलेली. घरात उरले आप्पा आणि एक तांबडं गावठी कुत्रं. त्याचं नाव फोरमन.

“जन्मभर फोरमननं मला पळिवलं,” आप्पा म्हणायचे. “आता मी फोरमनला पळिवतो.” प्रत्यक्षात पळायचे आप्पाच. फोरमनला शिळी भाकरी चालत नसे, आणि ताजीही दुधात कुस्करून लागे.

कंपनीतली एक सवय त्यांना जन्माची चिकटली होती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं असतं तसलं तारखेचं कॅलेंडर. ड्यूटीवर गेलं की आधी कालचा कागद फाडायचा, मग मशीनला हात लावायचा. घरीही तेच. चूळ भरायच्या आधी कागद. तापानं फणफणले होते तेव्हाही भिंत धरत जाऊन त्यांनी तो फाडला होता, हे मी स्वतः बघितलंय. फाडलेला कागद खिशात घालून बाकावर आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. “घ्या मिस्त्री, कालचा दिवस. माझा वापरून झाला.” कागदाची मागची बाजू कोरी असते. तिच्यावर मी गिऱ्हाइकाचं नाव आणि बिघाड लिहायचो आणि ती चिठ्ठी मोटारीला तारेनं बांधून टाकायचो.

संध्याकाळच्या मालिका ते न चुकता बघायचे. ऐकू काही यायचं नाही, पण सकाळी बाकावर गोष्ट मात्र सविस्तर.

“काल धाकट्या सुनंनं सासूचं पाय धरलं. सासू रडली. म्हंजी आता मिटलं.”

दत्तूमामांच्या घरी तीच मालिका चालायची. सुनेनं पाय धरले ते सासूला जिन्यावरून खाली ओढायला, हे मामांना माहीत असायचं. ते माझ्याकडं बघून डोळा मारायचे आणि आम्ही तिघं गंभीर तोंडानं विचारायचो, “मग पुढं काय झालं, आप्पा?” आप्पांच्या मालिकेत सगळ्यांचं रोज मिटायचं. मला तीच जास्त आवडायची.

आमच्याकडं उसात बिबट्या असणं आता नवं राहिलेलं नाही. बोलताना त्याला आम्ही वाघच म्हणतो. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता बबनच्या दारातली कालवड गेली आणि बाकावरच्या गप्पांचा रंग उतरला. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे आले. पुढं खुरपायला जाणाऱ्या बायकांच्याही गळ्यात आले. ओढ्याच्या काठाला पिंजरा लागला, त्यात शेळी बांधली, आणि ती शेळी रोज ओरडायची ते फाट्यापर्यंत ऐकू यायचं. अशात कुणीतरी सांगितलं की घरात माणसांचा आवाज असला की वाघ दाराशी येत नाही. मग काय, वस्त्यावस्त्यांवर टीव्ही गर्जायला लागले.

आप्पांनी ते फारच मनावर घेतलं. बाहेर पडताना फोरमनला आत ठेवायचे, टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवायचे आणि कडी घालून यायचे. घरी असतानाही आवाज तेवढाच, त्यांच्या कानांना फरक कुठं पडत होता! दोन वावरं ओलांडून तो बबनच्या गोठ्यापर्यंत जायचा. “आमची मंडळी आता आपला टीव्ही लावीतच न्हाई,” बबन म्हणायचा. “म्हनती, आप्पांच्यात बातम्या लागल्या की भाकऱ्या टाकायच्या.”

अडचण होती लाइटची. ती गेली की टीव्ही बंद पडायचा आणि परत आली तरी मुकाच राहायचा. त्यामुळं आप्पांचा जीव बाकावर टिकेना. माझ्या दुकानात बारा महिने फिरणारा पंखा थांबला की त्यांचे हात गुडघ्यांवर गेलेच. “चला, गप झाला आसंल. फोरमन एकलाच हाय.” त्यांच्या मागे बाक ओसाड वाटायचा. मला करमायचं नाही, आणि हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

म्हणून एका रविवारी मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. टीव्ही जुना, डबड्यासारखा. लाइट आली की तो आपोआप उजळायचा. झोपून राहायचा तो त्याच्यावरचा सेट टॉप बॉक्स. वीज मिळताच स्वतःहून चालू होणारा एक जुना बॉक्स माझ्याकडं पडून होता, तो बसवून दिला. मेन स्विच खाली पाडला, परत वर केला. टीव्ही बोलायला लागला तसे आप्पा तोंडभर हसले. मग एकदम माझा दंड धरला.

“मिस्त्री, हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या. बबनला न्हाई, मामाला न्हाई. वाघाला कळायचं न्हाई, पण बोलता बोलता चोराला कळंल. लाइट आली आन् टीव्ही लागला, म्हंजी घरात माणूस हाय, आसंच समद्यांना वाटलं पायजे.”

“कुणाला सांगत न्हाई, आप्पा,” मी म्हणालो. निघताना त्यांनी पिशवीभर शेंगा हातात दिल्या.

त्यानंतर ते दोन महिने निवांत बसले. पंखा थांबला की माझ्याकडं बघून हळूच हसायचे आणि दुसरा चहा मागवायचे. बाकाचे ते सगळ्यात चांगले दिवस होते.

मग तो सोमवार आला. मला सकाळपासून राग होता. एकाच माणसाची मोटार दुसऱ्यांदा जळून आली होती आणि तो मला चारचौघांत बोलून गेला होता. आप्पांनी नेहमीसारखा कागद दिला, बसले, आणि सुरू झाले. “काल दोघा भावांनी मिठी मारली. आता वाटण्या व्हत न्हाईत.”

मी हातातली पक्कड टेबलावर आदळली. “मिठी न्हाई, आप्पा! गळा आवळत व्हता त्यो त्याचा! तुम्हाला ऐकू येतंय कुठं? रोज काहीबी सांगत बसता.”

मी ओरडूनच बोललो, त्यामुळं त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला. त्यांनी मामांकडं बघितलं. मामा किटलीकडं बघायला लागले.

“रोजच व्हय?” आप्पांनी विचारलं.

मी मान खाली घालून तार गुंडाळत राहिलो. आप्पांनी हात गुडघ्यांवर टेकले. “चला. टीव्ही एकलाच बोलतोय घरी.” पंखा चालू होता, चहा तसाच होता. ते गेले.

मंगळवारी ते आले नाहीत. “रुसलं म्हातारं,” मामा म्हणाले. “जा, पाया पड.” मी म्हणालो, “उद्या जातो.” बुधवारीही आले नाहीत. “घरीच हाईत,” बबननं सांगितलं. “टीव्ही ढणाढणा चाललाय.” मी परत म्हणालो, उद्या जातो. जायची मला लाज वाटत होती, एवढंच खरं.

बुधवारी दुपारी त्यांच्या लेकीचा बबनला फोन आला. आप्पा फोन उचलत नाहीत, म्हणाली. तसा त्यांना फोन कधीच ऐकू यायचा नाही. बबन बांधावर उभा होता. त्यानं फोन कानापासून काढला आणि आप्पांच्या घराच्या दिशेनं हात लांब करून धरला. “ऐक तूच. ऐकू आला का?” पलीकडून ती हसली. “बरं, बघू द्या त्यांना,” म्हणाली. संध्याकाळी लाइट गेली, अंधारात वस्त्यांवरची सगळीच कुत्री भुंकत राहिली, तासाभरानं लाइट आली, आणि टीव्ही परत सुरू झाला. बबननं आपण होऊन तिला फोन केला. “लाइट आली आन् लगीच टीव्ही लावला बघ त्यांनी. काळजी करू नगंस.”

गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नसते. सकाळी ती गेली तेव्हा बबन घास कापत होता. टीव्ही थांबला आणि त्याला फोरमन ऐकू आला. “भुकणं न्हाई, मिस्त्री,” त्यानं मला नंतर सांगितलं. “घशातनं नुसती हवा निघत व्हती.” कधीपासून भुंकत होता कुणास ठाऊक. दार आतून बंद होतं. मी आणि मामा धावत पोचलो, आणि तिघांनी मिळून दार फोडलं.

आप्पा टीव्हीच्या खोलीत फरशीवर होते. अंग थंडगार. एक पाय खुब्यातून वाकडा पडला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून तिथवर पायाखालची सतरंजी फरफटत आली होती. तोंड बोर्डाकडं होतं, जिथं टीव्हीची पिन असते. तो बोर्ड खांद्याइतका उंच आहे. कोपऱ्यात त्याच्याच खाली पाण्याचा माठ आहे. फोरमनचं पाण्याचं भांडं एरवी मागच्या दाराशी असायचं, ते त्यांच्या हाताजवळ होतं, कोरडं ठक्क.

आत रेंज मिळत नाही, म्हणून बबन आणि मामा फोन करायला अंगणात गेले. मी एकटा उरलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर सोमवार होता.

म्हणजे मंगळवारी सकाळी आप्पा कागद फाडायला उठले नव्हते. माझं ऐकून बाकावरून गेले त्यानंतर, दुसरा दिवस उजाडायच्या आतच कधीतरी ते पडले. आम्ही त्यांना रुसलेलं म्हणत होतो तेव्हा ते इथं फरशीवर होते. बबननं फोन धरला तेव्हाही. बुधवारी लाइट आल्यावर टीव्ही त्यांनी लावलाच नव्हता. तो माझ्या बॉक्सानं लावला होता, आणि हे जगात मला एकट्याला माहीत होतं.

मी पुढं झालो आणि दोन कागद फाडले. सोमवार आणि मंगळवार. घडी करून खिशात घातले. भिंतीवर बुधवार आला.

पोलीस पाटलांनी विचारलं, शेवटचं कधी कळलं? बबन म्हणाला, “काल सांजच्याला लाइट आली तवा टीव्ही लावला त्यांनी.” पाटलांनी कॅलेंडरकडं बघितलं आणि मान हलवली. डॉक्टर म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, नेमकं सांगता येत नाही. बॉक्साचं मी सांगितलं नाही.

दहावा झाल्यावर लेक भांडगावला परत निघाली. जाताना दुकानात आली आणि आप्पांच्या जागेवर बसली.

“काका, बुधवारी सांजच्यापर्यंत ठीक व्हते ना त्ये?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मी मंगळवारीच यायची व्हते. मग म्हणलं, रविवारी जाऊ.” तिनं पदर तोंडाला लावला. “लई हाल न्हाई झाले ना, काका?”

“न्हाई, पोरी. झटक्यात गेले.”

लेकीसाठी कागद फाडले, असं मी मनाला सांगतो. खोटं नाही ते. पण त्या घरात उभं असताना मला आधी लेक आठवली की मी स्वतः, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. एकदा मी बबनला विचारलं, आप्पा सरकत कुठं चालले होते, बोर्डाकडं की माठाकडं? “माठाकडं की,” तो म्हणाला. “पाण्यालाच जाणार माणूस.” मी परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं. आप्पा तर बहिरे. टीव्ही बोलतोय तोवर कुणी येणार नाही, हे त्यांना कळलं असेल का? कळलं असलं तर, बंद करायला निघाले होते का? एवढा एकच प्रश्न मला जाळतो, आणि तो उघड विचारायला मी कुणाकडंच जाऊ शकत नाही.

दुकानात अजून चार-पाच मोटारी न नेलेल्या पडल्या आहेत. त्यांच्या गळ्यात आप्पांच्या तारखा आहेत. ते दोन कागद मात्र ड्रॉवरमध्ये, मागून कोरेच.

फोरमन बबनकडं असतो, पण सकाळी त्याच्या मागोमाग बाकाशी येतो. त्याचा आवाज पुरता परत आलेला नाही. परवा एक टीव्ही दुरुस्त करून मी आवाज तपासायला मोठा केला. बाकाखाली झोपलेला फोरमन ताडकन उठला, टीव्हीसमोर येऊन उभा राहिला आणि त्या फाटक्या घशानं भुंकायला लागला.

“का ओ, काय झालं त्याला?” मामांनी विचारलं.

मी धावत जाऊन पिन ओढली. टीव्ही गप झाला. फोरमन भुंकतच राहिला.