चुलीकडचा चौका

त्या सकाळी आम्ही दोघांनी चुलीजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. माझ्या बायकोले, गिरजाले, दोन दिवसांपासून हिवताप होता. तरी टोपलं ओढून बसलीच.

"अवो, काल तुमी खेळाडूचं नावच गिळलं. चौका कोनं मारला, लोकायले काय समजन?"

"तूच जा मंग वरडाले."

"पाठवा न! तुमच्यापेक्षा बरं वरडीन."

हे आमचं शेवटचं बोलणं.

भूतखेत, अंगात येणं... मी मानत नाही. चाळीस वर्षं खामगावात दवंडी पिटली, मसणवाट्याच्या रस्त्यानं अंधारात आलो-गेलो, काही दिसलं नाही. माझं अक्षर वाकडं आहे, पण गोष्ट सरळ आहे.

मागच्या हिवाळ्यात परदेशची क्रिकेट टीम आली होती. वकीलसाहेबांच्या बंगल्यात रेडिओ लागे. कॉमेंट्री इंग्रजीत. त्यांचा कारकून वामनराव खिडकीत बसून ऐके अन् मराठीत मले सांगे. मी खिडकीकडं पाठ करून ओट्यावरून साऱ्या बाजाराले वरडून सांगे. हा खेळ मले समजला तो गिरजामुळं. ती समोरच भाजी विकत बसे, सगळं ध्यानात ठेवी. ऑन अन् ऑफ माझ्या डोक्यात शिरेना, तर तिनं घरातच शिकवलं — ऑन, म्हणजे लेगची बाजू, ती चूल; ऑफ ते दार. चुलीकडं मारला, दाराकडं मारला. हे शब्द घराबाहेर कोणाले ठाऊक नव्हते.

शेंगा सोलल्या त्याच दुपारी, गिरजा तापानं घरीच होती, चहाच्या सुट्टीआधी मागून आवाज आला — "चुलीकडं, चौका." रोजच्या कानातला आवाज, मले काही वेगळं वाटलंच नाही. मी तसाच वरडलो. लोक हसले. पुन्हा — "चुलीकडं, चौका. नाव घ्या, नाव!" मी नाव घेतलं. मग — "दाराकडं झेल. गेला." तेही वरडलो, अन् मग मात्र वळून पाह्यलं.

खिडकीत वामनराव पांढराफटक उभा. "सोनाजी, हे तुले कोनं सांगतलं बे? बॅटरी बसली. रेडिओ केव्हाचा मुका हाय!"

तेवढ्यात बंगल्याच्या बाजूच्या फाटकातून, जे ओट्यावरून दिसत नाही, माझा मेहुणा तुकाराम आत आला. तो दुपारपासून फाटकावर उभा होता. गिरजाचं जास्त झालं होतं, ती मले बोलवत होती. अन् वकिलानं त्याले अडवून ठेवलं — "चहाची सुट्टी होऊ दे. आता खेळ रंगात आहे." त्याच्या मागोमाग शेजारीण रडत आली. गिरजा गेली होती. बॅटरी बसायच्याही आधी गेली होती.

आवाज तिचा होता.

दिवे लागायच्या आत अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव नागपूरचा पेपर घेऊन घरी आला, वाचून दाखवलं. लेगले दोन चौके, मग स्लिपमध्ये, म्हणजे दाराकडं, झेल. सारं बरोबर. कसं झालं, मले तेव्हाही समजलं नाही, आजही नाही. वामनराव भिंतीकडं पाहून गिरजाले हात जोडाले लागला, अन् माझं डोकं फिरलं. मेलेली बाई तीन बॉल सांगाले येते, तर पाया पडता! जिती होती तवा तिचा एक निरोप फाटकातून आत येऊ दिला नाही तुम्ही!

डफडं घेतलं अन् वकिलाच्या बंगल्यासमोर रस्त्यातच उभा राह्यलो.

"ऐका हो ऐका! काल दुपारी गिरजा मेली हो! मरताना नवऱ्याले बोलवत व्हती! निरोप या फाटकावर अडवला, काऊन का खेळ रंगात व्हता हो!"

वकील बाहेर आला. "सोनाजी, बस कर!"

मी तीनदा पिटली. दवंडी तीनदाच पिटतात.

मग डफडं खाली ठेवलं, अन् त्याच आवाजात तिले विचारलं — "चौका सांगाले आली, तं 'घरी या' एवढं काऊन नाही म्हनली वं?"

ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथंच कान देऊन उभा होतो.